लढाईपूर्वी जसं होतं तसं

साटोणे काकांनी मला घर भाड्यानं दिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "तुमचा कोणता दावा कोणत्या कोर्टात चालू नाई न?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी जराशा निराशेनंच किल्ली माझ्या हातावर ठेवली.

वर्ध्याला लागून बोरगाव मेघे आहे, तिथल्या एका कॉलनीत त्यांचं घर. खाली काका आणि सुमनकाकू, वरच्या दोन खोल्यांत मी एकटी. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. सात वर्षं तिथं राहिले आणि त्या सात वर्षांत वरच्या गॅलरीतून जे पाहिलं, तेवढं मला कॉलेजातल्या कोणत्याही पुस्तकानं दिलं नाही.

नामदेवराव साटोणे पस्तीस वर्षं कोर्टात नोकरीला होते. निवृत्त झाले तेव्हा रीडर होते. रीडर म्हणजे वाचणारा नव्हे. जजसाहेबांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी बसून जो फायली वर देतो आणि खाली उभ्या असलेल्या गरीब पक्षकाराला पुढची तारीख सांगतो, तो माणूस. निवृत्तीनंतर काकांचं टेबल सुटलं, तारखा मात्र सुटल्या नाहीत. नळ गळतोय असं मी सांगायला गेले की ते लांबट वही काढत, नोंद करत आणि म्हणत, "पंधरा तारीख." पंधरा तारखेला नळ दुरुस्त होईच असं नाही. पण त्या दिवशी सकाळी जिन्याखालून पुकारा मात्र हमखास होई, "वरच्या मजल्याचा नऽऽळ!" मी खाली गेले की नळवाला आलेला नसल्याचं सांगून पुढची तारीख देत.

घरातही तेच चाले. जेवायला बसायचं झालं की पाटावरून हाक येई, "सुमन नामदेव साटोणे, हाजिर होऽऽ!" कोर्टात पक्षकाराला तीनदा पुकारतात. तिसऱ्या पुकाऱ्यालाही आला नाही, तर त्याच्या माघारी काम चालतं. काकू पहिल्या दोन हाकांना कधी उठल्या नाहीत. "पह्यल्या पुकाऱ्याले कोणीच येत नाई, येवढं तर मी बी शिकली," असं त्या मला म्हणाल्या होत्या. काकांनी कधी एकट्यानं जेवायला सुरुवात केली नाही, हेही सांगायला हवं. तिसरा पुकारा ते वाटेल तेवढा लांबवत.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता 'स्टेटस को'. बाकीचं इंग्रजी ते वेळ निभावण्यापुरतं बोलत, पण हे दोन शब्द म्हणताना मान ताठ होई. भांडण कोर्टात येतं, निकालाला वर्षं लागतात. तोवर कोणी काही पाडू नये, बांधू नये, विकू नये म्हणून साहेब हुकूम देतात, की स्टेटस को ठेवा. आपल्या मराठीत त्यालाच 'जैसे थे' म्हणतात. हुकूम झाला की खेड्यातला माणूस कोर्टाबाहेर येऊन काकांना गाठे आणि विचारी, "साहेब, जितलो का हारलो?"

"दोनी नाई," काका सांगत. "जिथी बसला होता तिथीच बसून राहा. नाकावर माशी बसली तरी पह्यले वकिलाले विचारजो."

एकदा एक बाई आली. दिराशी अंगणाचा वाद, हुकूम जैसे थे, आणि हुकमाच्या दिवशी त्या अंगणात तिची म्हैस बांधलेली. आता म्हशीला हात लावायचा की नाही? दूध काढायचं की नाही? वकील म्हणाला, अर्ज करू. बाई रडकुंडीला आली, कारण म्हैस काही अर्जाची वाट पाहणार नव्हती. काकांनी पेन खाली ठेवलं, विचार केला आणि म्हणाले, "बाई, दूध काढलं तर म्हैस जैसे थे राह्यते. नाई काढलं तर नाई राहत. जाय, काढ दूध." ही गोष्ट ते मला इतक्यांदा सांगत की ती म्हैस मला ओळखीची वाटायला लागली होती. पण गोष्ट खरी होती आणि त्यात काकांचं सगळं शहाणपण होतं. ते दुसऱ्यांसाठी वापरायचं, स्वतःसाठी नाही, एवढाच त्यांचा घोटाळा होता.

काकूंनी एका दिवाळीला भिंतींना रंग द्यायचा म्हटलं तर काका म्हणाले, "स्टेटस को." काकूंनी शांतपणे पिशवी भरली. "मी माहेरी जाऊन येते. मंग ठेवा तुमचं स्टेटस को, भांड्यासकट." तिसऱ्या दिवशी घरात रंगारी आला. त्यालाही आधी तारीख दिली गेली होती, पण ती त्याच दिवसाची होती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकांचा स्वतःचाच एक दावा होता, आणि तो पुंडलिक ढग्यांवर होता.

ढगे शेजारच्या घरात राहत. गावात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे आवाजही पितळी. साटोणे आणि ढगे दोघंही आष्टीकडच्या एकाच खेड्यातले, शाळेत एका बाकावरचे. प्लॉट घेतले तेही एकाच दिवशी, शेजारीशेजारी. मध्ये कंपाउंड घातलं नाही. दोन्ही घरं बांधून झाल्यावर ज्या विटा उरल्या त्यांचा दोघांनी मिळून एक ओटा बांधला, अर्धा याच्या जागेत, अर्धा त्याच्या, आणि वर सावलीला लिंबाचं झाड लावलं. रोज सकाळी त्या ओट्यावर चहा ढग्यांकडचा आणि पेपर साटोण्यांकडचा. काका पेपर मोठ्यानं वाचत. ढग्यांना चष्मा लावून वाचायचा भारी कंटाळा, ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच "हट् बे!" म्हणत. मी तीन वर्षं त्या आवाजानं उठत होते.

मग ढग्यांच्या पोरानं मोटार घेतली. मोटारीला शेड पाहिजे, शेडला भिंत पाहिजे, आणि भिंतीची दोरी नेमकी ओट्याच्या मधून गेली. काका म्हणाले, आधी जागा मोजून घेऊ. ढगे म्हणाले, "मोजाचं काय त्याच्यात? आपलं काय येगळं हाय काय?"

"येगळं नसन तर भिंत काऊन?" काका म्हणाले.

सवाल बिनतोड होता आणि तिथंच सगळं फिसकटलं. ढगे भडकले, काकाही भडकले. पन्नास वर्षांत न निघालेल्या गोष्टी निघाल्या. शाळेत कोणी कोणाची पाटी फोडली होती इथवर मजल गेली. ढगे तणतणत निघाले तेव्हा त्यांची डावी चप्पल रेतीत रुतून मागं राहिली. मागं वळून ती उचलायला अभिमान आड आला. तसेच एका चपलेवर घरात गेले.

आठवड्यात काकांनी दावा ठोकला. गवंड्यानं तोवर विटांचे दोन थर चढवले होते. हुकूम झाला, स्टेटस को.

आता पस्तीस वर्षं दुसऱ्यांना हा हुकूम समजावलेला माणूस तो कसा पाळेल? काकांनी त्याच संध्याकाळी वादग्रस्त जागेची यादी केली. मी ती पाहिली आहे. विटांचे थर, दोन. रेती, ढीग एक. घमेलं, सरळ ठेवलेलं, एक. लाल प्लास्टिकची खुर्ची, प्रतिवादीची, एक. लिंबाचं झाड, फळांसह. चप्पल, डाव्या पायाची, एक. आणि शेवटी, मांजर, करडं, झोपलेलं, एक. ते मांजर तासाभरानं उठून गेलं. काका अस्वस्थ झाले. मग यादीखाली त्यांनी लिहिलं, "मांजर आपखुशीने निघून गेले. कोणत्याही पक्षकाराचा हात नाही."

दर सोमवारी ते त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढत आणि तारखेचा पुरावा म्हणून विटांवर त्या दिवसाचा पेपर उभा करत. फोटो झाला की पेपर उचलून घेत, कारण पेपर यादीत नव्हता. पलीकडे ढगेही काही कमी नव्हते. खुर्ची त्यांची, पण चार वर्षं ते घरातल्या मोडक्या स्टुलावर बसले. चप्पल त्यांची, हातभर अंतरावर, पण उचलली नाही. "कोर्टानं सांगतलं ना? मंग राहू द्या," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

झाडाला लिंबं लागली. दोघांपैकी कोणी तोडीना. काकांनीच एक दिवस मला खाली बोलावलं आणि समजावून सांगितलं, "मॅडम, हुकूम पक्षकाराले लागू हाय. तुमी पक्षकार नाई. तुमी तोडू शकता." मी तोडली. मग कॉलनीभर ही बातमी गेली आणि त्या झाडाची लिंबं घरोघरी पोचली, फक्त ज्यांनी झाड लावलं त्यांच्या दोन घरांत नाही. दोन्ही काकूंनीही हा कायदा लगेच उचलला. त्यांची नावं दाव्यात नव्हती. त्यामुळे मागच्या दारानं वाट्या जात-येत राहिल्या, आणि साटोणे काकांच्या ताटात ढग्यांकडची पाटवडी आली की ते ती कोणाची हे विचारत नसत. एरवी मिठाचीही चौकशी करणारा माणूस!

पावसाळ्यात घमेल्यात पाणी साचलं. डासांच्या मोहिमेवर आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या, म्हणाल्या, "काका, हे पाणी फेका."

"जमत नाई. स्टेटस को हाय."

"डासाले बी स्टे भेटला काय, काका?"

काकांनी खिशात हात घातला. यादी काढली, दोनदा वाचली आणि म्हणाले, "घमेलं यादीत हाय. पाणी नाई. पाणी फेका, पण घमेलं होतं तसंच ठेवजा. खूण करून घ्या." आशाताईंनी खडूनं खूण करून घमेलं उचललं, पाणी फेकलं आणि घमेलं खुणेवर ठेवलं. पलीकडून ढगे खिडकीच्या गजांतून खूण बरोबर जुळते की नाही पाहत होते. नंतर चारही महिने दर आठवड्याला तेच झालं, आणि खडू काकांच्या खिशात राहायला लागला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. काका पेपर अजूनही मोठ्यानं वाचत. आता ओट्यावर नाही, आपल्या व्हरांड्यात, विटांच्या त्या दोन थरांकडे तोंड करून. पूर्वीपेक्षा आवाज जास्तच मोठा. काकूंना ऐकायला चांगलं येत होतं, मग हे कोणासाठी? एकदा सकाळी ढग्यांच्या सुनेनं मिक्सर लावला, तर आतून पितळी आवाज आला, "बंद कर वं थे! साडेसातनंतर लाव." साडेसातला काकांचा पेपर संपत असे. मी गॅलरीत उभी होते, मला हसू आलं. खुर्ची न् चप्पल अडवता येते, पण आवाजावर कोणाचा स्टे होता?

चौथ्या वर्षी ढग्यांच्या छातीत दुखलं. त्यांना दवाखान्यात हलवलं, दहा दिवस ठेवलं. काका पहिल्या दिवशी पेपर घेऊन व्हरांड्यात बसले. पहिल्या पानावरचा मथळा वाचला, थांबले, घडी घातली. दुसऱ्या दिवशी पेपर उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. सात वर्षांत माझ्या खोलीत आले ते तेवढं एकदाच.

"भेटून या ना काका," मी म्हटलं.

"कसा जाऊ? वादी प्रतिवादीले भेटाले गेला तर त्याचा अर्थ काय निघते? त्याच्या पोराले वाटन, म्हातारा मरते का नाई ते पाह्याले आला." खुर्चीच्या काठावर बसून ते गुडघे चोळत राहिले. "मॅडम, तुमच्याकडे मोठमोठ्या डिक्शनऱ्या हायेत. या स्टेटस कोचं खानदान काढा. कुठून आला, कोणी आणला. त्याच्यात भेटीगाठीची काही सोय हाय का पाहा."

"तुम्हाला अर्थ माहीत आहे की."

"मले वापर माईत हाय," काका म्हणाले. "अर्थ कोणी विचारलाच नाई कधी."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातला तो जाड, खाकी कव्हर घातलेला शब्दकोश खाली उतरवला. कोणी त्याला हात लावत नसे, वरची धूळ हीच त्याची बांधणी झाली होती. जे सापडलं ते मी पुस्तकाच्या कोऱ्या कार्डावर उतरवून घेतलं आणि संध्याकाळी खाली जाऊन काकांना वाचून दाखवलं.

शब्द लॅटिन. 'स्टेटस को' म्हणजे नुसतं 'ज्या स्थितीत'. बस, एवढंच. काका म्हणाले, "ज्या स्थितीत काय? वाक्य कुठी पुरं झालं?" तेच तर. ते वाक्य मुळात लांब होतं. तिकडे युरोपात राजे लढत. वर्षानुवर्षं लढून दमले की तहाला बसत, आणि तहात लॅटिनमध्ये एक कलम घालत. 'इन स्टाटू क्वो रेस एरांत आन्ते बेल्लुम.' म्हणजे, लढाईपूर्वी गोष्टी ज्या स्थितीत होत्या त्या स्थितीत. यानं त्याचा किल्ला परत द्यायचा, त्यानं याचा मुलूख सोडायचा, फौजा आपापल्या घरी न्यायच्या, आणि भांडणाच्या आदल्या दिवशी जसं होतं तसं सगळं करून ठेवायचं. पुढं एवढं लांब कोण लिहितो? वापरता वापरता शेपूट गळालं. 'लढाईपूर्वी' गेलं, 'गोष्टी होत्या' गेलं, तोंडाशी असलेले ते दोन शब्द तेवढे इंग्रजीत येऊन बसले आणि तिथून आपल्या कोर्टात.

काकांनी कार्ड हातात घेतलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं.

"म्हंजे पस्तीस वर्षं मी अर्धंच वाक्य लिवलं?"

"सगळ्यांनीच लिहिलं, काका."

"सगळ्याईचं सोडा. कोर्टानं थांबा म्हटलं, थे ठीक. निकालापर्यंत थांबाच लागते. पण मी इथी भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची रेती सांभाळून राह्यलो, मॅडम. चपलेचे फोटो काढून राह्यलो. अन् राजे लोक भांडणाच्या आदल्या दिवशी वापस जात होते." ते उठले, दारापर्यंत गेले, वळले. हयातभर तारखांत वावरलेल्या माणसाला शेवटी तारखेचाच प्रश्न पडला. "लढाई कोणत्या तारखेले सुरू झाली माह्यी न् पुंडलिकची?"

त्या रात्री त्यांनी दुसरी यादी केली. आदल्या दिवसाची यादी. पण नुसत्या यादीनं भागणार नव्हतं, हुकूम मोडून विटेला हात लावणं काकांच्या रक्तात नव्हतं. दोघांनी मिळून कोर्टात लेखी द्यायचं, की आमचं जमलं, दावा काढून टाका. त्याला पुरसीस म्हणतात. तिच्यावर ढग्यांची सही पाहिजे. काकांनी ती अशा मराठीत लिहिली की वाचताना मला तोंडावर रुमाल धरावा लागला. "उभय पक्षकारांमध्ये लढाई सुरू होण्यापूर्वी वादग्रस्त ओट्यावर जी स्थिती होती ती खालील बाबींप्रमाणे पुनःस्थापित करण्यास वादी राजी आहे." खाली आठ बाबी. ओटा, मोकळा. खुर्ची, ढग्यांच्या अंगणात. चप्पल, ज्याची त्याच्या पायात. लिंबं, दोघांचीही. पेपर, एक, वादीचा. चहा, दोन कप, प्रतिवादीकडचा. वाचन, मोठ्याने. आणि मोटारीची शेड दुसऱ्या अंगाला, त्यासाठी वादी आपल्याकडची हातभर जागा रस्त्याच्या बाजूनं सोडेल.

ढगे घरी आल्यावर ती मी नेऊन दिली. मी पक्षकार नव्हते ना! ते पलंगावर उशांना टेकून बसले होते, बरेच उतरले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन चष्मा मागितला. एकेक बाब बोट ठेवून वाचली.

"चाय लिवली," ते म्हणाले, "त्याच्यात अदरक होतं थे नाई लिवलं."

मी अदरक लिहिलं. ते पुन्हा वाचत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली आपल्या वळणदार दुकानदारी अक्षरात नववी बाब घातली. लिहून झाल्यावर सही केली आणि कागद उलटा करून मला दिला. आमच्या जिन्याखाली येऊन मी तो सरळ केला. लिहिलं होतं, "नामदेव मले पुंड्या म्हणत होता. चार वर्षांपासून प्रतिवादी म्हणते. हे बी आधीसारखं पायजे."

काकांनी तो कागद वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला. काकू पदरानं डोळे पुसत आत गेल्या. मग काका घसा खाकरून म्हणाले, "बाब क्रमांक नऊ. हे दाखल कसं कराचं?"

दाखल मात्र झालं. पुढं काय झालं ते मला काकूंनी सांगितलं, कारण त्या दिवशी त्या मुद्दाम कोर्टात गेल्या होत्या. दोघं म्हातारे दोन बाजूंना उभे, एकमेकांकडे न बघता. जजबाईंनी पुरसीस वाचली, नवव्या बाबीशी आल्या, चष्म्यावरून वर पाहिलं. "हिची पूर्तता झाली का?" काका एक पाऊल पुढं झाले. पस्तीस वर्षं जगाला मुदती देणारा माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, थोडी मुदत मिळावी." कोर्टातला शिपाईसुद्धा हसला. जजबाई म्हणाल्या, ती बाब तुम्ही घरी निकाली काढा, आणि दावा संपला.

विटा निघाल्या. रेती गेली. गवंड्यानं ओट्याला नवा गिलावा केला. घमेलं उचललं तेव्हा खाली खडूची चार वर्षांची खूण निघाली, ती काकांनी स्वतः पाण्यानं धुतली. आठ बाबी पूर्ण झाल्या. पण नववी काही होईना. दोघं ओट्यावर बसत, काका पेपर वाचत, आणि साखर हवी का विचारायचं झालं की समोरच्या लिंबाच्या झाडाला विचारत, "कोणाले साखर पायजे काय?" ढगे झाडालाच सांगत, "डॉक्टरनं बंद केली." मग एका दिवशी ढगे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनेकरवी निरोप आला, की पूर्तता झाल्याशिवाय येणार नाही.

गेल्या वर्षी काका गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी शंभर मैल लांब दुसऱ्या कॉलेजात होते. रडून झाल्यावर काकू म्हणाल्या, ढगे आता रोज सकाळी ओट्यावर बसून स्वतः पेपर वाचतात, चष्मा लावून, मोठ्यानं, पार छोट्या जाहिरातींपर्यंत. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच मी ज्या सकाळी काकांना शेवटचं पाहिलं ती सकाळ आठवली.

मी घर सोडत होते. गेटाशी ट्रक लागला होता, माझी पुस्तकांची खोकी चढत होती. काका पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून ओट्याशी उभे. ओट्यावर पेपर होता, ढग्यांच्या सुनेनं आणून ठेवलेली किटली होती, दोन कप होते. ढग्यांचं दार बंद. काकू उंबऱ्यात, मी ट्रकपाशी. काकांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि कोर्टातला तो जुना आवाज लावला.

"पुंडलिक मारोतराव ढगे, हाजिर होऽऽ!"

दार हललं नाही. हमालांनी खोकं खाली ठेवलं.

"पुंडलिक मारोतराव ढगे, हाजिर होऽऽ!"

तरी काही नाही. आता राहिला तिसरा. काकांनी कपाळावरचा घाम पुसला. मग सगळं अंग ढिलं सोडून, सात वर्षांत मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते ओरडले, "पुंड्या! चाय थंडी होऊन राह्यली बे!"

दार लगेच उघडलं. ढगे सदऱ्याची सगळी बटणं लावून तयार उभे होते. पायात चपला होत्या, उजवी चार वर्षं कपाटात जपलेली, कोरी करकरीत, आणि डावी चार पावसाळे खाऊन पांढरी पडलेली. एक पाय वर, एक पाय खाली करत ते ओट्यापर्यंत आले आणि आपल्या जागेवर बसले.

"येवढा बोंबलून काऊन राह्यला, नाम्या?" ते म्हणाले. "पह्यल्या पुकाऱ्यापासून दाराआडच उभा हाय मी."